अंबूबाईंनी अडवलेली भिंत

"रंगराव, हितं भिंत नगं," अंबूबाईंनी गवंड्याला सांगितलं. रंगरावांना वाटलं, बाई चेष्टा करतेय. चिंचवडच्या गावठाणात घर म्हणजे पुढं पुरुषांची बैठक, मधे भिंत आणि भिंतीमागं चूल. भिंतच नाही म्हणजे चूल बैठकीत आली की!

"मालकास्नी इचारतो," ते म्हणाले.

"इचारा. पर विटा ठिवा खाली."

ही गोष्ट चौपन्न सालची. अंबूबाईंचे मालक यशवंतराव जुनं मातीचं घर पाडून विटांचं बांधत होते. त्या जुन्या घराची एक रीत होती. बाहेर पुरुषमंडळी बसायची, आत चहा झाला की बाईनं दाराची कडी वाजवायची, मग मालकांनी येऊन कपबशा न्यायच्या. वा रे रीत! आठ वर्षांपूर्वी बाहेर थोरल्या सुभद्राचं लग्न ठरत होतं आणि अंबूबाई आत चहा गाळत होत्या. कडी वाजवली, तेव्हा मालक आले ते तोंड गोड करायला साखर मागत. पोर बापाच्या वयाच्या बिजवराला देऊन झाली होती. मला ऐकू आलं असतं तर मी आडवी पडले असते, हे त्या आठ वर्षं मनाशी घोकत होत्या. आता धाकटी इंदू पंधराची झाली होती आणि तिच्यासाठी गुरुवारी पाहुणे यायचे होते.

यशवंतराव तणतणत आले. "लोक काय म्हंतील? चार माणसांत बायकू चुलीपुढं?"

"म्हनू द्या. भिंत घातली तर चूल वट्यावर मांडीन. मंग सारा गाव बघंल."

बाई बोलते ते करते, हे मालकांना पुरतं ठाऊक होतं. त्यांनी भिंतीचं काम पाहुणे जाईपर्यंत लांबवलं.

तेवढ्या दिवसांत यशवंतरावांना भलतंच दिसू लागलं. धूर त्यांच्याही डोळ्यांत गेला. मागच्या दारातून परसातली बायकांची बिनआडोशाची न्हाणी दिसली. आपण उठल्यावर बायकोच्या ताटात काय उरतं, तेही दिसलं. ते जेवताना एक भाकरी मागं ठेवू लागले.

गुरुवारी मुलाचे चुलते सोपानराव आले. समोर चूल बघून अवघडले आणि हळू आवाजात बोलू लागले.

"पावनं, मोठ्यानं बोला," अंबूबाई म्हणाल्या. "भाकरी थापताना ऐकू येत न्हाई. मुलाचं ह्ये पयलंच लगीन न्हवं?"

सोपानरावांनी यशवंतरावांकडं पाहिलं. यशवंतरावांना सगळं माहीत होतं. त्यांनी मान खाली घातली.

"दुसरं," सोपानराव म्हणाले. "दोन पोरं हायत."

चहा उकळला. सवयीनं यशवंतराव कडी वाजायची वाट बघत राहिले. कडी कुठली, दारच नव्हतं. अंबूबाई कपबशा घेऊन आल्या आणि पुरुषांसमोर सतरंजीवर बसल्या.

"इंदे, तुला करायचं हाय का ह्ये लगीन?"

पोर चुलीपाशी पीठ मळत होती. तिनं हात थांबवला नाही.

"न्हाई," ती म्हणाली. ते बैठकीत सगळ्यांना ऐकू गेलं.

पाहुणे चहा पिऊन निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी रंगराव थापी घेऊन हजर झाले. भिंत आता घालायची ना, त्यांनी विचारलं. यशवंतरावांनी एकदा चुलीकडं बघितलं.

"बायकांची न्हाणी कवापास्नं उघडी हाय," ते म्हणाले. "त्या विटा तिला लावा."