कौसीचा माळ

आमच्या वस्तीत कोणी नवं राहायला आलं की लिंबामामी पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्या दारात जायची. पण तांब्या लगेच हातात द्यायची नाही. आधी विचारायची, "कुठं ऱ्हायला आलीस, सांग बरं?" समोरची "कौसीच्या माळावर" म्हणाली की मगच पाणी. मी लग्न होऊन आले तेव्हा लाजेने तोंडच उघडेना. मामी म्हणाली, "हळू म्हण, पर म्हण."

बीडहून मांजरसुंब्याकडे जाताना इथे पूर्वी नुसता दगडांचा माळ होता. मामीची माणसं मेंढरं घेऊन फिरायची. इथे मुक्काम असताना तिची तान्ही कौसी तापाने गेली. लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. तिला इथेच पुरलं. मेंढरांचा वाडा पुढच्या गावाला हलला, पण मामी उठली नाही. लेकीला एकटीला टाकून कशी जाऊ, म्हणाली. मग तिचा मालकही मागे राहिला. वस्तीतलं पहिलं घर ते. पुढे ऊसतोडीची माणसं आली, पत्र्याची घरं झाली. मामी त्यांना बऱ्यापैकी सपाट जागा दाखवायची आणि माळाचं नाव सांगायची.

नंतर सिमेंटचा रस्ता झाला. कौसीची जागा त्याच्याखाली गेली. त्या दिवशी मामी जेवली नाही.

पक्की घरं झाल्यावर पोरांना नाव नकोसं झालं. सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांना सांगायला लाज वाटते, असं एक जण म्हणाला. मामी म्हणाली, "तुला बघून पाव्हणे पळत्यात, त्यात कौसीचा काय दोष?" सगळे हसले. तरी बैठकीत साईनगर ठरलं. तेव्हा मामी भिंतीला धरून उभी राहिली.

"बोर्डावर काय बी लिव्हा. तोंडात तेवढं ऱ्हाऊ द्या. लेकरू आता नावातच हाय."

कोणी नाही म्हणालं नाही. पण हळूहळू सगळेच साईनगर म्हणू लागले.

मागच्या हिवाळ्यात मामी अंथरुणाला खिळली. संध्याकाळी मी दूध-भाकरी घेऊन जायचे. ती रोज विचारायची, "आज कुणी नाव घेतलं का गं?" म्हातारा दूधवाला घ्यायचा, तोवर मला सांगता आलं. मग तोही यायचा बंद झाला.

एका संध्याकाळी तिने विचारलं, तेव्हा खोटं बोलवेना. मी दारात आले. रिक्षा चालली होती. परक्या पुरुषाशी मी कधी बोलत नाही, पण ओरडून विचारलं, कौसीचा माळ हाच का?

"न्हाई मावशी, हे साईनगर हाय," तो म्हणाला आणि गेला.

मामीला आत दोन्ही ऐकू गेलं होतं. ती म्हणाली, "तू घेतलंस न्हवं. आजचं झालं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विचारायला ती नव्हती.