तोंडाला बांधलेला रुमाल

माझी मुलगी चौथीत असताना बाईंनी भर वर्गात तिच्या तोंडाला रुमाल बांधला. ते आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

तिचं लक्ष टिकत नसे. बेरीज अर्ध्यावर सोडून वजाबाकीला लागायची, डबा बाकाखाली विसरायची. नाशिक रोडला, नोटांच्या प्रेसच्या क्वार्टर्समध्ये शेजारणी म्हणत, लाडावलीय. मीही तिला मारलंय, लपवत नाही. शेवटी नाशकातल्या एका समुपदेशक बाईंकडे नेलं. त्यांनी तिला स्वतःशी बोलायला शिकवलं. आधी मोठ्यानं: "काय विचारलंय? आधी काय करू? घाई नको. आता तपासते." मग कुजबुजत, शेवटी मनातल्या मनात. "एकही पायरी गाळू नका," त्यांनी मला बजावलं होतं. चार महिने आम्ही दोघी ओट्यापाशी पाट टाकून तेच करत होतो. सहामाहीच्या सुमारास ती कुजबुजण्यापर्यंत आली. हातचा न विसरता अख्खं गणित सोडवू लागली.

आणि तेव्हाच हा रुमाल.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले.

"सारखी पुटपुटते. बाकीच्यांना त्रास होतो," बाई म्हणाल्या.

"ती का पुटपुटते ते लिहून मी चिठ्ठी दिली होती."

"पन्नास मुलं आहेत मला. चिठ्ठ्या कधी वाचू?"

मुख्याध्यापिका समजुतीनं म्हणाल्या, "अहो, मुलीच्या जातीनं असं वेड्यासारखं एकटं बोलणं बरं दिसतं का?"

"ती विचार करत होती," मी म्हणाले. "तुमच्या शाळेत त्याला बंदी असेल तर तसं लिहून द्या."

लिहून कोण देणार? एप्रिलमध्ये मी तिचा दाखला काढला.

पण ती घरीही ओठ घट्ट मिटून बसू लागली. पुन्हा मोठ्यानं बोलण्यापासून सुरुवात, तीही दार लावून घेतलं तरच. परत मनातल्या मनात बोलण्यापर्यंत यायला दीड वर्ष गेलं. पुढे ती डिप्लोमा करून अंबडला एका कारखान्यात लागली. सुटे भाग तपासण्याचं काम, सगळं लक्षाचंच.

त्यानंतर एका लग्नात शाळेतल्या त्या रुमालवाल्या बाई भेटल्या. लेकीची नोकरी ऐकून खूश झाल्या. "बघा, तेव्हा शिस्त लावली म्हणून."

"तुमची शिस्त निस्तरायला दीड वर्ष लागलं, बाई."

त्या हसल्या. त्यांना थट्टा वाटली, की काही आठवतच नव्हतं, कोण जाणे. आइस्क्रीम घ्यायला निघून गेल्या. मी न जेवताच घरी आले.