नव्याच्या सणाचा बिनमिरचीचा दुधी

माझ्या धाकट्या बहिणीने सणाच्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात जो पदार्थ केला त्याला ती कुगल म्हणते. मी त्याला पदार्थच म्हणत नाही. दुधी किसायचा, गाजर किसायचं, बटाटा किसायचा, कांदा चिरायचा, त्यात अंडी फोडायची, तेल ओतायचं, मीठ बेताचं, मिरपूड नावाला, आणि हा सगळा लगदा भांड्यात दडपून भाजायचा. मग वड्या पाडून माणसांना खायला घालायच्या. आलं-लसूण नाही, कोथिंबीर नाही, मिरचीचं तर नाव काढायचं नाही. अहो, तापातून उठलेल्या माणसाच्या पेजेबरोबरसुद्धा आपण लोणच्याची फोड देतो.

"ताई, तिकडे इस्राएलला सगळे ज्यू सणाला हेच खातात," ती म्हणाली.

"मग आपण इतकी वर्षं कोण होतो?" मी विचारलं.

ती नुसती हसली. समोरच्याला अडाणी ठरवणारं ते हसणं ती तिकडूनच शिकून आली आहे. जाताना तिच्याकडे ते नव्हतं.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. आमचे पूर्वज अलिबागेकडच्या गावांत तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, एवढ्यावरून लोकांनी आम्हाला ओळखलं. घरात बोलायचं ते मराठीच. मटणाबरोबर दूध, दही, तूप आम्हाला चालत नाही, म्हणून आमच्या रश्शात नारळाचं दूध. रोश हशना म्हणजे आमचं नवं वर्ष, त्याला आई अजून नव्याचा सण म्हणते. बाबा रेल्वेत होते, त्यामुळे आम्ही दोघी ठाकुर्लीच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलो. बहीण लग्न करून इस्राएलला गेली. मी लग्न केलं नाही, बँकेत नोकरी केली. बाबा गेल्यावर आईला घेऊन ठाण्यात बाळकुमला आले, एका टॉवरमध्ये, जिथे खिडकीतून दुसऱ्या टॉवरच्या खिडक्या दिसतात. तिथे आम्ही दोघी सुखात होतो.

यंदा बहीण आली ती आईला न्यायला. फोनवरच तिने तसं सांगून टाकलं होतं. ती तिथे एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करते. आई दिवसभर तिच्याबरोबर तिथे बसेल, गप्पा मारेल, संध्याकाळी दोघी घरी येतील, असा सगळा बेत तिने परस्पर ठरवला होता. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सण होऊन जाऊ दे, मग सांगते." तो नकारच आहे, असं मी धरून चालले. कुणाला तोंडावर नाही म्हणणं आईला आयुष्यात जमलेलं नाही.

तरी खोटं कशाला बोलू? आई गेली तर मी त्या घरात कुणासाठी उठायचं, हा प्रश्न बहीण उतरल्या दिवसापासून माझ्या मानगुटीवर बसला होता. त्यामुळे तिचं काहीही मला गोड लागेना. ती बाटलीतलंच पाणी प्यायची. डोंबिवलीला शाळेतल्या मैत्रिणीकडे जाऊन आली, येताना शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकली, आणि घरात पाऊल टाकताच म्हणाली, "तुम्ही लोक इथे राहता कसे?" तुम्ही लोक! लहानपणी ठाकुर्लीच्या फाटकात लाल एसटी थांबली की टाळ्या पिटणारी हीच. दर वाक्याला 'सबाबा' म्हणायची सवय तिला लागली आहे. म्हणजे त्यांच्याकडे मस्त, छान, ठीक, सगळं एकातच. बिघडलेला गिझर सबाबा आणि आईची साखरही सबाबा.

सणाच्या दिवशी मी सकाळी लवकर चिकाचा हलवा लावला. गव्हाचा चीक, नारळाचं दूध, साखर, आणि ढवळत राहायचं, खांदा भरून येईपर्यंत. नव्याच्या सणाला हा हलवा नाही असं आमच्या घरी झालेलं नाही. बहीण मागे उभी राहून म्हणाली, "बाप रे, किती नारळ! कोलेस्टेरॉल बघ जरा." मी डाव तसाच फिरवत राहिले. लहानपणी याच हलव्याच्या वडीवरून ही फरशीवर लोळण घ्यायची. तेव्हा आईने एक पद्धत घालून दिलेली. घरात जे काही येईल त्याचे सुरीने बरोबर दोन भाग. वडी असो, पेढा असो, चिक्कीचा तुकडा असो. सुरी टेकवण्याआधी आई डोळे बारीक करून बघायची, आणि नेमकी मधोमध कापायची. स्वतःला काही ठेवायची नाही. आम्हाला तेव्हा ते दिसलंही नाही.

मग बहिणीने बॅगेतून काचेचं चौकोनी भांडं काढलं, कपड्यांत गुंडाळून आणलेलं. त्यासाठी ओव्हन हवा. आमच्याकडे ओव्हन नाही, आणि तो कधी अडलाही नाही. वरच्या मजल्यावरची साताऱ्याकडची शेजारीण केकचे क्लास घेते, तिच्याकडे ही भांडं घेऊन निघाली. मागोमाग मी, मजा बघायला.

"घ्या ना ताई, ओव्हन काय, आपलाच समजा," शेजारीण म्हणाली. "भाज्यांचं आहे ना?"

"पूर्ण व्हेज," बहीण म्हणाली. "भाज्या आणि अंडी."

शेजारणीचा चेहरा पडला. "अंडं? नको हो ताई. माझे एगलेसचे क्लास आहेत, वास राहिला तर बायका मला सोडणार नाहीत."

मी जिन्यातच हसले. बहीण म्हणाली, "हे लोक अजून असेच." पुन्हा तेच लोक. तिला सांगावंसं वाटलं की बाई गं, त्या ओव्हनमध्ये जसं अंडं जात नाही तसं आपल्या मटणाच्या पातेल्यात दूध जात नाही, आणि आजवर कुणी शेजाऱ्याने त्यावरून आपल्याला नाक मुरडलेलं नाही. पण सणाचा दिवस होता.

खरी गंमत पुढे झाली. आईने गेलं वर्षभर स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नव्हतं. गुडघे दुखतात म्हणून ती हॉलमध्ये बसूनच लसूण सोलायची. आम्ही परत आलो तर ती ओट्याला टेकून उभी.

"कुकर घे मोठा," ती बहिणीला म्हणाली. "तळाला जाडं मीठ पसर. वर जाळी ठेव, शिटी काढून टाक. तुमच्या वाढदिवसाचे केक मी कशात करायचे, विसरलीस?"

काचेचं भांडं कुकरमध्ये मावेना, तेव्हा आईने आमचा जुना अॅल्युमिनियमचा डबा काढायला लावला. दुधी कमी वाटला म्हणून स्टुलावर बसून तिने आणखी एक स्वतः किसला. माझा जळफळाट झाला. माझ्या हलव्याकडे आईने ढुंकून पाहिलं नव्हतं, आणि या लगद्यासाठी दुधी किसतेय! पाहुणीचं मन राखतेय, अशी मी स्वतःची समजूत घातली.

"तिथे रोज असंच असतं?" आईने किसता किसता विचारलं.

"शुक्रवारी आणि सणाला. एरवी उकडलेल्या भाज्या, सूप."

"मीठ एवढंच?"

"एवढंच. सगळी म्हातारी माणसं ना, आई."

"मिरची?"

"कुणालाच सोसत नाही."

"बरं," आई म्हणाली आणि किसत राहिली. मला वाटलं, चला, परस्पर काम झालं. ज्या बाईला आमटीबरोबरसुद्धा हिरवी चटणी लागते ती असल्या जेवणाच्या देशात कशाला जाईल? मी खुशीत चटणी वाटायला घेतली. मिरच्या मुद्दाम दोन जास्त घातल्या.

दिवेलागणीला सण लागला, तशा आम्ही तिघी बसलो. बाबा गेल्यापासून एकेका फळा-भाजीवरची प्रार्थना आईच म्हणते, तोंडपाठ. सफरचंद मधात बुडवून झालं, खजूर झाला, डाळिंब झालं, मग दुधीची पाळी. दरवर्षी दुधीच्या उकडलेल्या फोडी असतात. यंदा बहिणीने तो डबा पुढे ठेवला. वरून बरा दिसत होता, कडेने खरपूस. आईने प्रार्थना म्हटली आणि एक वडी स्वतःच्या ताटात घेतली. मी घेतली नाही. माझं मटणाच्या रश्शाने भागत होतं.

मी चटणीची वाटी आईकडे सरकवली. तिने ती हाताने बाजूला केली आणि वडी तशीच खाल्ली, सावकाश, प्रत्येक घास नीट चावून. मग आणखी एक घेतली. मटणाला तिने हात लावला नव्हता.

"आई, पुरे झालं मन राखणं," मी म्हणाले. "चटणी घे. नाहीतर घशाखाली उतरायचं नाही ते."

"नको गं," आई म्हणाली. "सवय करायला हवी."

बहिणीचा हात ताटातच थांबला. मला आधी कळलंच नाही. मग कळलं, ती जायचं म्हणत होती.

"सणानंतर सांगते म्हणाली होतीस," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

"सण तर लागला ना. तुझ्याकडे मी पुष्कळ राहिले. हिच्या वाटणीला काय आलं? फोन." आईने हे अगदी साधेपणाने सांगितलं, भाजी संपली असं सांगावं तसं. "आता थोडी तिच्याकडे."

"मी काय करायचं इथे?"

बहीण रडायला लागली, आणि ते सबाबा आता तिच्या तोंडातून फुटेना. मला रडू आलं नाही. मला भयंकर राग आला. बहिणीचा आला, आईचा आला, कुकरमधल्या त्या मिठाचा आला. माणूस म्हणजे काय चिक्कीचा तुकडा आहे, दोघींत वाटायला?

आईने मघाशी घेतलेली दुसरी वडी तिच्या ताटात होती. तिने सुरी घेतली, डोळे बारीक केले आणि ती मधोमध कापली. अर्धी बहिणीच्या ताटात ठेवली, अर्धी माझ्या.

"खा," ती म्हणाली. "सणाचं नाही म्हणू नये."

मी खाल्ली. चटणी न घेता खाल्ली, आईने खाल्ली तशी. बेचवच होती.