पाच तासांवरची लेक

ब्लिटारजवळच्या त्या गावात सुमिनीचं टेंपे सगळ्यांच्या घरी जाई. सोयाबीन शिजवायचं, केळीच्या पानांत बांधायचं आणि मुरेपर्यंत हात लावायचा नाही. घाई केली की माल वाया, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी एका ठिकाणी तिचा अंदाज चुकला.

एकुलती लेक रेतनो हाँगकाँगला एका म्हाताऱ्याच्या सेवेला निघाली, तेव्हा सुमिनीनं अन्न टाकलं होतं. रेतनोनं आईची समजूत घातली. "इबू, सुराबायाहून विमानानं पाच तास. जकार्ताची आगगाडी याच्या दुप्पट वेळ खाते." सुमिनीनं ते मनाशी घट्ट धरलं. बाजारात कुणी लेकीचं विचारलं की म्हणायची, आहे की, पाच तासांवर.

मग एका पहाटे तिचा नवरा कार्दी झोपेतच गेला. रेतनो फोनवर रडत म्हणाली, बापाला नेऊ नका, मी येते. सुमिनीनं बोटं मोजली आणि मोदिनना, म्हणजे गावातल्या मयताचं सगळं पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांना सांगितलं, दुपारच्या नमाजापर्यंत थांबा. ते थांबले. तिरडी खांद्यावर उचलली की मुलांनी तिच्याखालून तीनदा वाकून जायचं, ही तिकडची रीत. कार्दीला दुसरं मूल नव्हतं.

दुपार टळली. अंगणात बसून बसून लोकांचे पाय आखडले. शेजारीण मिसनाह बाजूच्या बाईला म्हणाली, "हिच्या लेकीचं विमान म्हशी ओढतायत वाटतं." सुमिनीनं ऐकलं, पण रस्त्यावरची नजर हलवली नाही.

उन्हं कलली तेव्हा रेतनोचा फोन आला. ती अजून हाँगकाँगमध्येच होती. म्हाताऱ्यापाशी बसायला दुसरी बाई मिळेपर्यंत मालकिणीनं सोडलं नाही, आणि आता जागा होती ती उद्याच्या विमानात.

मोदिन शेजारी येऊन बसले. "सुमिनी, पाच तास विमान उडतं. त्यात चढायला किती लागतात, ते कधी विचारलंस का लेकीला?"

सुमिनीनं विचारलं नव्हतं. विचारायची भीती वाटली होती, हे तिला तेव्हा कळलं.

तिनं खुंटीवरची रेतनोची जुनी ओढणी काढली, छातीशी धरली आणि तिरडीखालून तीनदा वाकून गेली. मिसनाह तोंड फिरवून रडायला लागली. अंधार पडायच्या आत कार्दीला मातीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सुराबायाहून भाड्याच्या गाडीनं रेतनो आली, तेव्हा कबरीवरची फुलं कोमेजली होती. ती ओल्या मातीवर हात ठेवून बसली. रजा तीनच दिवसांची होती.

निघताना रेतनोनं आईचा हात कपाळाला लावला. "एकटी आहेस म्हणून घाबरू नकोस, इबू. बोलावलंस की पाच तासांत..." वाक्य तसंच सोडून ती गाडीत बसली.

सुमिनीनं मान हलवली. गाडी वळणाआड गेल्यावर ती आत आली, ओढणीची घडी घातली आणि मिसनाहला हाक मारली.

"ही कुठं ठेवलीय, बघून ठेव," ती म्हणाली. "माझ्या वेळी तुला लागेल."