जिन्यातला कॅमेरा आणि डोंगलचं बिल

हसायचं ते आत्ताच हसून घ्या. सांगताना मधे हसलात तर मी चहा सोडून उठून जाईन! असा पचका माझा जन्मात झाला न्हाई.

लातुरात माझं घर. खाली आम्ही दोघं नवरा-बायको, वर किरायानं बिरादार. हा गडी बिलोलीकडचा, दाळमिलमध्ये वजनकाट्यावर कामाला. एकटा राहतो, बोलतो एकदम कमी. आता तुम्हीच सांगा, इतका कमी बोलणारा माणूस सरळ असतो का?

बारा वर्षांपासून माझं मोबाइलचं कार्ड एकाच कंपनीचं. लोकांनी ऑफरपायी धडाधड कंपन्या बदलल्या, मी हललो न्हाई. घरातलं नेटचं डोंगल बी त्यांचंच. आणि एवढं इमान राखूनही एका महिन्यात बिल आलं दोनशे रुपये जास्त! खाली लिहिलेलं, 'मर्यादेपेक्षा जास्त वापर.'

"अगं, घरात आपण दोघंच. मग वापरतंय कोण?"

"तुम्हीच की!" बायको म्हणाली.

"मी? मी तर थेंब थेंब करून वापरून राहिलो!"

मग माझी नजर वरच्या मजल्यावर गेली. डोंगलचा पासवर्ड म्हणजे माझ्या गाडीचा नंबर. गाडी कुठं उभी असते? जिन्याखाली! बिरादार रोज तिच्याजवळून जातो. झालं, समजलं सगळं!

त्या दिवशी संध्याकाळी खिडकीतून बघितलं. बिरादार जिन्यात पाठमोरा बसलेला. मान खाली, डावा हात मांडीवर, आणि उजवा अंगठा तळहातावर सर्रसर्र फिरून राहिलेला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी बी तेच!

"बघ, माझं नेट कसं ओरपायलाय!"

"आवो, त्याला सरळ विचारा ना."

"विचारल्यावर चोर हाव म्हणतो का कधी?"

मी कॅमेरा आणला. जिन्यात बसवला. बिरादारला सांगितलं, गाडीसाठी हाय. तो म्हणाला, "बरं." मी कॉलेजात क्लार्क. ऑफिसात फाईल उघडायचो अन् फाईलीच्या आड मोबाइलवर जिना बघायचो. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, नुसता जिना! एक मांजर, दूधवाला अन् आमची ही. बाकी कोणी न्हाई. तरी नजर हलवली न्हाई.

पुढचं बिल आलं. दोन हजार जास्त!

आता माझं डोकंच फिरलं. रविवारी बिरादारला म्हणलं, "चला माझ्यासंगं कंपनीच्या दुकानात."

"कशाला सर?"

"तिथं कळंल."

"बरं." गडी निवांत गाडीवर मागं बसला. कसलेला चोर, दुसरं काय!

दुकानात गर्दी. मी काउंटरवर हात आपटला. "बारा वर्षं झाली मला तुमच्याकडं! माझं नेट चोरीला चाललंय अन् चोर मी सोबत आणलाय!"

सगळं दुकान बिरादारकडं वळलं. बिरादारनं मागं वळून बघितलं, चोर कुठाय म्हणून.

काउंटरवरच्या पोरीनं माझा मोबाइल घेतला, डोंगलचं ॲप उघडलं. "सर, यात दोनच नावं आहेत. एक तुमचा फोन. पहिल्या महिन्यात त्याच्यावर रोज दुपारी तीन-तीन तास व्हिडिओ चाललेत."

माझ्या लक्षात आलं. सुट्ट्या होत्या, अन् दुपारी मी कीर्तन लावून आडवा व्हायचो. झोप लागायची, महाराज चालूच!

"आणि दुसरं नाव?"

"कॅमेरा. तुम्ही दिवसभर लाइव्ह बघता का सर? हे सगळं बिल त्याचंच आहे."

मागं कोणीतरी खुदकन हसलं. तरी मी चिकाटी सोडली न्हाई. "अन् ह्यांचा फोन?"

बिरादारनं खिशातून फोन काढून काउंटरवर ठेवला. बटनांचा! मागं रबर लावलेला.

"मग रोज जिन्यात अंगठा कशावर फिरवता?"

त्यानं दुसऱ्या खिशातून पुडी काढली. "तंबाखू मळतो सर. वर खोलीत वास राहिलेला वहिनींना चालत न्हाई, म्हणून जिन्यात बसतो."

मी गप बिल भरलं. घराजवळ आल्यावर कसंबसं म्हणलं, "बिरादार, चुकलं माझं."

"बरं," तो म्हणाला.

दारात ही उभीच. "काय, सापडला का चोर?"

मी खाली बघत चप्पल काढत बसलो. तर सहा महिन्यांत चार वाक्यं न बोललेला हा गडी जिन्याच्या पायरीवरून म्हणतो,

"सापडला वहिनी. त्याच्याच गाडीवर बसून आलो."