भंडाऱ्याचा डाव

आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीला श्रावणात कुलूप लागलं. खोलीत जुगार चालतो असं सभेत ठरलं. मी या गावात आयुष्यभर शिकवलं. राग आला तर तो मुलांवर काढायचा नाही आणि कागदावर उतरवायचा नाही, असा माझा नेम होता. यातलं पहिलं मी आजही पाळते. दुसरं मात्र आज मोडते आहे, कारण ज्याच्यामुळे कुलूप लागलं त्या तौहीदला मी तो पाचवीत होता तेव्हापासून ओळखते.

रेवदंड्याच्या अलीकडे, खाडीच्या अंगाला आमचं गाव आहे. वर्गात प्रश्न विचारला की बाकीची मुलं "बाई मी, बाई मी" करत बाकावर चढायची. तौहीद नुसता हात वर करायचा. हात दुखला तर दुसऱ्या हातानं कोपराला टेकू द्यायचा, पण नाव घेतल्याशिवाय तोंड उघडायचा नाही. तिची शिकवण होती ही, त्याच्या आईची, हुस्नबानूची. मोठ्यांच्या मध्ये बोलायचं नाही, विचारलं की बोलायचं.

मोठा होऊन तो शारजाला टगवर कामाला लागला. टग म्हणजे मोठ्या जहाजांना ओढून बंदरात आणणारी लहान, दणकट बोट. एकदा दोर गुंडाळणाऱ्या यंत्रात, विंचमध्ये, त्याचा उजवा हात सापडला आणि दोन बोटं गेली. तो परत आला तेव्हा सोबत एक हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेमचा डबा होता. मी भेटायला गेले तर तोच घेऊन बसलेला.

"या वयात?" मी म्हटलं.

"बाई, समुद्रावर नेट नसायचं. मग हेच," तो म्हणाला. "आणि आता बोटं नाहीत. धावायचे, गोळ्या मारायचे खेळ जमत नाहीत. हा जमतो. हा माझ्यासाठी थांबतो."

मग त्यानं मला समजावून सांगितलं. या प्रकारच्या खेळात आपण एखाद्या पात्राची भूमिका घेतो. त्याला विद्या शिकवतो, सोबती जमवतो आणि प्रवासाला निघतो. लढाई लागली की आधी एकानं चाल करायची, मग दुसऱ्यानं. आपली वेळ आली की सगळं जग थबकतं. आपण चहा करून आलो तरी समोरचा राक्षस सुरी उगारून तसाच उभा असतो.

"हे बरंय," हुस्नबानू आतून म्हणाली. "एवढी सबुरी तर माझ्या सुनेलाही नाय."

तौहीदनं बंदराच्या रस्त्याला दुकान टाकलं. होड्यांवरचे जीपीएस आणि वायरलेस सेट तो दुरुस्त करतो, सावकाश, राहिलेल्या बोटांनी. त्या दुकानात शेजारची रुचिता येऊ लागली. ती अलिबागच्या कॉलेजात शिकते आणि तिलाही असल्याच खेळांचं वेड. यांतला सगळ्यात खोल नियमांचा खेळ कोणता, यावर दोघांचा वाद कधी मिटायचा नाही.

रुचिताचं मत एका जपानी खेळाच्या बाजूनं होतं. त्यात शिपाई हवं तेव्हा आपला धंदा बदलतो. वैद्य होतो, मग मांत्रिक, मग तिरंदाज, आणि आधी शिकलेलं सोबत घेऊन पुढे जातो. "किती तऱ्हा होतात बघा चाचा. मोजता येणार नाहीत."

"तऱ्हा खूप. पण थोडे दिवस खेळलं की सगळे त्यातले दोनच धंदे धरून बसतात. बाकीचे कशाला ठेवलेत? ही खाडी रुंद आहे, रुचिता. खोल नाही."

त्याची पसंती वेगळी होती. एका खेळात समोरच्याच्या कमजोर जागी वार बसला तर तुम्हाला जादा चाल मिळते आणि वार वाया गेला तर हातची जाते. "नियम एवढासाच," तो म्हणे, "पण तो शत्रूलाही लागू. त्यामुळे दर वेळी आपली कमजोरी आधी आठवावी लागते." दुसऱ्या एकात जमिनीवर तेल सांडलं की आगीला वाट मिळते आणि पाण्यात उभ्या असलेल्याला वीज जास्त लागते. तोही त्याला आवडायचा. खेळ खोल आहे की नाही, याची त्याची एक कसोटी होती. नुसतं थांबणं ही जिथे चांगली चाल ठरू शकते, तो खेळ खोल. एकच गोष्ट त्याला खटकायची. वार लागेल की चुकेल, हे बऱ्याच खेळांत यंत्र आतल्या आत फासा टाकून ठरवतं.

म्हणून त्यानं स्वतःचा खेळ केला. जुन्या फ्लेक्सच्या मागच्या पांढऱ्या बाजूवर आमची खाडी रंगवली. होड्यांच्या जागी शिंपले. वाचनालयाची मागची खोली रविवारी दुपारी रिकामी असते. तिथे पाच-सात मुलं-मुली, रुचिता आणि म्हातारा बुधाजी कोळी जमायला लागले. प्रत्येक होडीवर होडी हाकणारा तांडेल, खलाशी, इंजिनवाला आणि भंडारी. भंडारी म्हणजे बोटीवर स्वयंपाक करणारा. प्रत्येकानं एकेकाची भूमिका घ्यायची आणि आळीपाळीनं चाल करायची. जी होडी जास्त मासळी आणेल ती जिंकली.

या खेळात फासा नव्हता. हुस्नबानूनं बजावलं होतं, फासे हराम, माझ्या घरातून फासे बाहेर पडणार नाहीत. तौहीदनं ते मानलं. भरती-ओहोटी तिथीवरून काढायची आणि ते काम बुधाजीचं. पुढच्या फेरीत वारा कुठून येणार, हे आधीच सगळ्यांसमोर मांडलेलं. कुणाचंही नशीब कुठेच आडवं येत नसे. हरलात तर आपल्या चुकीनं हरलात. मी कितीदा तरी खुर्ची टाकून बघत बसले आहे. मुलं मान खाली घालून विचार करताहेत, हे दृश्य मला निवृत्त झाल्यापासून दिसलं नव्हतं.

भंडाऱ्याचा नियम तर मला पाठच झाला. त्यानं आता चूल पेटवली तर उपयोग दोन फेऱ्यांनी होतो, पोट भरलेला खलाशी दुप्पट जाळं ओढतो. नववीतली माहीन वैतागून म्हणाली, "भंडाऱ्याला काढून टाकूया ना चाचा. त्याला होडी हाकायला मिळत नाही, जाळं ओढायला मिळत नाही. कोण घेणार तो?"

"काढायचा नाही," तौहीद म्हणाला. "त्याचा डाव झाल्याशिवाय फेरी संपत नाही."

बुधाजी बहुतेक वेळा थांबायचा. आपली चाल राखून ठेवायचा, भरती आली की एकदम होडी हाकायचा आणि जिंकायचा. रुचिता चिडली की म्हणायचा, "बाय, तू शिकलीस बुकात. मी शिकलो उपाशी. घाई न्हाय करायची."

आता चांगदेव. वाचनालयाचा अध्यक्ष. समुद्राकाठी पर्यटकांसाठी त्याच्या खोल्या आहेत. माणूस वाईट नाही, पुराच्या वर्षी त्यानं घरं सावरायला मदत केली होती. त्याच्या बहिणीचा, क्रांतीचा, मुलगा साहिल मोबाईलवरच्या पत्त्यांच्या जुगारात बुडाला. मोटरसायकल विकली, घरात बोलेनासा झाला. हा साहिल एकदाच मागच्या खोलीत आला होता. थोडा वेळ बसला आणि म्हणाला, "चाचा, यात काही होतच नाही." निघून गेला तो पुन्हा फिरकला नाही.

पण गावाला राग काढायला जागा हवी होती. चांगदेवनं सभा बोलावली.

"मागच्या खोलीत गेम चालतात," तो म्हणाला. "आणि गेमनं माझ्या भाच्याचं काय केलं ते तुम्ही पाहिलंय. आणखी किती पोरं घालवायची?"

"आमची माहीनसुद्धा जाते तिथे," तिचे वडील मोहम्मद म्हणाले. "मला काय ठाऊक, मला वाटलं वाचायला जाते."

"फासे टाकतात म्हणे," मागून कुणीतरी बोललं.

मी उठून म्हटलं, फासा नाही, एकदा येऊन बघा तरी. "बाई, तुम्हाला सगळी मुलं चांगलीच दिसतात," चांगदेव म्हणाला, आणि लोक हसले. मी खाली बसले नाही. पण दोघं-तिघं एकदम बोलायला लागले, त्यात माझा आवाज कुठला पुरणार.

शेवटच्या रांगेत तौहीद बसला होता. त्यानं केव्हाच हात वर केला होता. तोच उजवा हात, दोन बोटं नसलेला. डाव्या हातानं कोपराला टेकू दिलेला. कुणी नाव घेईल म्हणून तो वाट बघत होता. मोठी माणसं बोलत होती आणि तो मध्ये बोलणारा नव्हता.

"चला, उशीर होतोय," चांगदेव म्हणाला. "खोली बंद करावी असं कुणाकुणाला वाटतं? हात वर."

हात वर गेले. चांगदेव मोजत मोजत मागे आला आणि थांबला. "बघा, खुद्द तौहीदला पण पटलंय."

हशा पिकला.

"त्यानं बोलायला हात वर केलाय," मी म्हटलं. "मघापासून. त्याला आधी विचारा."

"बाई, ही शाळा नाही."

तौहीदनं हात सावकाश खाली घेतला. तोवर ठराव झाला होता. ज्या माणसाच्या आईनं फासा घराबाहेर पडू दिला नाही, त्याच्या खेळाला जुगार ठरवलं, आणि तेही त्याच्याच हाताच्या साक्षीनं. मी अनेक अन्याय पाहिले आहेत. इतका आळशी अन्याय पाहिला नव्हता. एक नाव घ्यायला किती कष्ट पडतात?

परतताना मी त्याच्यावरही चिडले. "ओरडला का नाहीस?"

"माझा नंबर आला नव्हता, बाई."

हुस्नबानू पडवीत सुकट निवडत होती. तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, "मीच शिकवलं त्याला तसं. चुकलं का माझं?"

"तुमचं नाही चुकलं. लहानांनी थांबायचं तर मोठ्यांनी विचारायचं असतं. ते अर्धं कुणी शिकलंच नाही."

खोलीला कुलूप लागलं. वाचनालयाचं वायफाय मात्र चालू राहिलं. दुसऱ्याच दिवशी मी वर्तमानपत्र वाचायला गेले तर साहिल वाचनालयाच्या पायरीवर बसून त्याच वायफायवर पत्ते ओढत होता. चांगदेव त्याच्या शेजारून चप्पल काढून आत गेला. मी आत गेलेच नाही, घरी परतले.

मुलं हुस्नबानूच्या पडवीत खेळू लागली. माहीनचं येणं घरून बंद झालं.

मग एका दुपारी क्रांती तौहीदच्या दुकानात आली. मी तिथे बसले होते. तिनं साहिलचा मोबाईल काउंटरवर ठेवला. "भाऊ, तुला यातलं कळतं. हा काय खेळतो ते मला सांग."

तौहीदनं तो उघडून तिला दाखवला. "ताई, बघ. इथे तो बटण दाबतो. पुढचं सगळं यंत्र ठरवतं. त्यानं विचार केला काय, नाही केला काय, फरक पडत नाही. म्हणून तर तो दाबत राहतो."

"आणि तुमचा खेळ?"

"आमच्यात विचार केल्याशिवाय होडी हलत नाही."

क्रांतीनं मोबाईल उचलून पिशवीत टाकला आणि म्हणाली, "दादा तर म्हणाला दोन्ही एकच." तिच्या आवाजावरून चांगदेवचं आता काही खरं नाही, हे मला कळलं.

चारेक दिवसांत वाचनालयाचा शिपाई रंगू चावी घेऊन दुकानात आला. "अध्यक्षांनी दिलीय. घे म्हणाले."

"आणखी काय म्हणाले?"

"काय न्हाय. घे म्हणाले."

"मग परत ने," तौहीद म्हणाला. "ज्यांनी सगळ्यांसमोर घेतली, त्यांनी सगळ्यांसमोर द्यावी."

रंगूला वाटलं मी तरी समजावीन. मी चष्मा पुसत बसले.

पुढची सभा गणपतींनंतर झाली. तौहीद शेवटच्याच रांगेत बसला आणि त्यानं हात वर केला. या वेळी बुधाजी शेजारी होता, क्रांती होती, माहीनचे वडीलही होते. कुणी बोलेना. सगळे चांगदेवकडे बघत राहिले. त्यानं कागद चाळले, पाण्याचा घोट घेतला. हात वरच होता.

"बोल बाबा तौहीद."

तौहीद उभा राहिला. "मागच्या वेळी माझा हात बंद करण्याच्या बाजूनं मोजलात. तो वजा करा."

"अरे, खोली उघडतोय ना तुझी? चावी पाठवली होती मी. आता हाताचं काय घेऊन बसलास?"

"हात माझा आहे."

"व्हय," बुधाजी म्हणाला. "आधीच दोन बोटं कमी हायेत त्याची. उरलेली तरी त्याला ठेव."

कुणी हसलं नाही. चांगदेवनं मान खाली घातली. "बरं. वजा केला," तो म्हणाला आणि चावी पुढे केली. माफी मागितली नाही. ती अजूनही मागितलेली नाही आणि मी ते विसरणार नाही. तौहीद मात्र विसरल्यासारखा वागतो. चांगदेव रस्त्यात दिसला की आधी सलाम करतो.

त्या रविवारी खोली उघडली. मोहम्मद माहीनला स्वतः सोडायला आले आणि जरा बघतो म्हणून भिंतीला टेकून उभे राहिले ते राहिलेच. शिंपले मांडले, बुधाजीनं तिथी सांगितली. तांडेल, खलाशी, इंजिनवाला, सगळ्यांचे डाव झाले. तेवढ्यात पायरीवरून उठून साहिल दाराशी आला. मोबाईल हातातच होता.

तौहीदनं मान वर केली नाही. "साहिल, भंडारी कुणी घेतलेला नाही."

साहिल उंबऱ्यातच उभा. सगळे थांबलेले. त्याच्या डावाशिवाय फेरी संपणार नव्हती.

"ये रं," बुधाजी म्हणाला. "भूक लागलीय आमाला."