सात खंडांवरचं कुंकू

“ताई, हे लाल डाग तेवढे घालवा. नि वरून रेक्झिन लालच लावा. शोकेसमध्ये उठून दिसायला पायजे.”

बाळारामशेठ सुकापूरचे. पूर्वी घरचं मिठागर, आता जमिनी आणि नवा बंगला. पनवेलमधल्या माझ्या बाईंडिंगच्या दुकानात त्यांनी एका जुन्या लेखकाचं समग्र वाङ्मय आणून ठेवलं होतं. दहा जाडजूड खंड, कापडी बांधणी, झिजलेले कोपरे. गिऱ्हाइकाच्या आवडीवर बोलू नये, हे मला कळतं. तरी मी बोलतेच.

“शेठ, लाल नको. लग्नाचा अल्बम वाटेल.”

“वाटू द्या. वास्तुशांतीला पावनं येनार हायेत.”

काम नेहमीचं होतं. जुने पुठ्ठे काढायचे, शिलाई नवी घालायची, कटिंग करायचं, म्हणजे पानांच्या कडा मशीनवर सारख्या कापायच्या, आणि नवं कव्हर चढवायचं. पण एक गोष्ट खटकली. पहिल्या सात खंडांच्या पुठ्ठ्यांवर डाग होते, शेवटचे तीन कोरे. रद्दीवाले दोन अर्धवट सेट जोडून एक करतात, तसं असेल म्हणून शिलाई पाहिली. दोरा सगळीकडे एकच.

दुपारी दुकानात कुणी नव्हतं. मी पहिला खंड चाळत बसले. पान उलटलं की बांधणीतून बारीक काहीतरी सांडायचं. बोटावर घेऊन चाखलं. मीठ! मग कामात लक्षच लागेना. रस्त्यावरचे हॉर्न लांब गेल्यासारखे वाटले. डोळ्यांपुढे चौकोनी वाफे, त्यांत उतरलेलं आभाळ, आणि बांधावर कुणीतरी मोठ्याने वाचतंय. मी किती वेळ तशी बसले कोण जाणे. सुरी हातातच राहिली. बरंच झालं.

दुसऱ्या दिवशी शेठबरोबर त्यांची आई आली. आत येताच तिने खंडांवरून हात फिरवला.

“पुसलंस काय गो?”

“नाही आजी, अजून डाग तसेच आहेत.”

“डाग नाय ते. कुकू हाय.”

तिच्या नवऱ्याने हा सेट एका वकिलाच्या घरून मिठाच्या गोणी देऊन आणला होता. आजीला वाचता येत नाही. संध्याकाळी मिठागराच्या बांधावर तो वाचायचा, ती ऐकायची. पोथी संपल्यावर करतात तसं, खंड संपला की ती नारळ फोडून पुठ्ठ्याला कुंकू लावायची.

“सात झालं. आठवा काढला, नि तेच रायले नाय.”

“मग पुढचे कुणाकडून वाचून नाही घेतले?”

“कोनाला सांगू? याला टाइम नाय. आता तर कुलपात ठेवनार. मना पुढचं आयकायचं हाय गो, डोलं मिटायच्या आदी.”

शेठ खाली बघत होते. मी आठवा खंड उघडून त्यांच्या हातात दिला. त्यांनी अडखळत एक ओळ वाचली. मग दुसरी. मोबाइल वाजला, तो त्यांनी बंद केला. आजी स्टुलावर डोळे मिटून बसली होती. पान संपेपर्यंत मीही हलले नाही.

“ताई, रेक्झिन नको,” शेठ म्हणाले.

मी फक्त शिलाई घट्ट केली आणि आतून कापडी पट्टी लावली. कटिंग केलं नाही, मीठही झटकलं नाही. वास्तुशांतीला गेले तेव्हा शोकेसला कुलूप नव्हतं आणि आठव्या खंडाची जागा रिकामी होती.

पुढे एक दिवस शेठ तोच खंड घेऊन दुकानात हजर.

“शिलाई सुटली का?”

“नाय. आई बोलली, ताईला दाखवून ये.”

पुठ्ठ्यावर कुंकू होतं. अजून ओलं. माझ्या अंगठ्याला लागलं.

हल्ली जुन्या पुस्तकावरचा डाग पुसण्याआधी मी गिऱ्हाइकाला एवढंच विचारते, आईला विचारलंत का?